बिजलीला मी दिलेली औषधं

नाशकात माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत काउंटरवर एक प्रश्न फार वाढला आहे. "कुत्र्याला ताप वाटतोय, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देऊ का?" किंवा, "पाय टेकवत नाहीये, अंगदुखीची एखादी गोळी द्या ना." विचारणारी माणसं निष्काळजी नसतात. रात्रीचे नऊ वाजलेले असतात, प्राण्यांचा दवाखाना बंद झालेला असतो आणि घरात जीव कण्हत पडलेला असतो. मी गोळी देत नाही. का देत नाही, ते गर्दीत उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. यातलं बहुतेक सगळं मी आमच्या बिजलीच्या जिवावर शिकलो.

बिजली गावठी कुत्री होती. तांबूस रंग, एक कान उभा आणि एक अर्धा दुमडलेला. निफाडकडे माझ्या मेव्हण्याची द्राक्षबाग आहे, तिथल्या शेडमध्ये जन्मली. माझ्या धाकट्या मुलीने तिला ओढणीत गुंडाळून घरी आणलं. आठव्या वर्षी ती गेली. गावठी कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगतं. म्हणजे तिची निदान चार-पाच वर्षं राहिली होती आणि ती माझ्यामुळे गेली. घरातलं कुणी असं म्हणत नाही, पण मी म्हणतो.

मी फार्मसी शिकलेला माणूस. औषधं शरीरात जाऊन काय करतात, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं आणि तेच नडलं. ज्याला काही कळत नाही, तो घाबरून डॉक्टरकडे जातो. मी हिशोब करत बसायचो. माणसाचं वजन साठ किलो, हिचं सोळा, म्हणजे पाव गोळी. हा हिशोब माझ्या डोक्यात इतका पक्का होता की त्याच्या मुळाशी असलेली चूक मला वर्षानुवर्षं दिसली नाही. बिजली म्हणजे छोटा माणूस नव्हती.

सुरुवात थर्मामीटरपासून झाली. पिल्लू असताना तिला लस दिली आणि दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात गप्प पडून राहिली. मी ताप मोजला, १०२ निघाला. माणसाला १०२ म्हणजे चांगलाच ताप, म्हणून लहान मुलांचं पॅरासिटामॉल सिरप थोडंसं पाजलं. संध्याकाळी ती उड्या मारायला लागली आणि मी खूश झालो. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. तिला ताप नव्हताच. लस दिल्यावर पिल्लं एखादा दिवस मलूल राहतात, तशी ती होती. नसलेल्या तापावर मी औषध दिलं आणि ते लागू पडलं अशी स्वतःची समजूत करून घेतली. त्या दिवशी तिला काहीच झालं नाही. झालं असतं तर मी पुढे जपून वागलो असतो.

पॅरासिटामॉलबद्दल इथेच सांगतो. जास्त झालं की ते कुत्र्याचं यकृत जाळतं, शिवाय रक्तातल्या तांबड्या पेशींची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मारतं. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, श्वास लागतो. मांजराचं तर विचारूच नका. ते औषध पचवण्यासाठी यकृतात लागणारी यंत्रणाच मांजराकडे अपुरी असते, एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

बिजली तीन वर्षांची असताना गच्चीच्या जिन्यावरून घसरली आणि मागचा एक पाय उचलून चालायला लागली. हाड मोडलेलं वाटत नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे नेऊ या." मी म्हटलं, "मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल." दुकानात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी असते, सगळ्या घरांत असते. पाव गोळी द्यायची ठरवली होती, पण पाव नीट तुटेना, म्हणून अर्धी, दिवसातून दोनदा, पोळीच्या तुकड्यात घालून. तिचं लंगडणं कमी झालं. मग मी आणखी काही दिवस चालू ठेवलं, सूज पूर्ण उतरावी म्हणून.

मग तिने खाणं सोडलं. एकदा उलटी झाली. मी दहीभात कालवून पुढे ठेवला, तिने तोंड फिरवलं. शी करायला ती समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जायची, तिकडे जाऊन कुणी बघत नव्हतं. शेवटी बायकोने पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्ता निघा."

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काही औषध दिलंत का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? लाज वाटली. त्या मला ओळखत होत्या, त्यांची औषधांची चिठ्ठी कित्येकदा माझ्याच दुकानात यायची. केमिस्ट माणसाने कुत्रीला माणसाची गोळी चारली, हे त्यांच्यासमोर कसं म्हणायचं! मी फक्त सांगितलं की लंगडते आहे आणि नीट खात नाही. त्यांनी पाय दाबून पाहिला आणि वेदना कमी व्हावी म्हणून मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन भरायला घेतलं. ते नाव ऐकलं आणि माझ्या हातापायातलं त्राण गेलं. आयबुप्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम एकाच जातीची औषधं. एकावर एक दिली तर पोटाच्या अस्तराचं काय होतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तेव्हा कुठे माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं.

मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. हिरड्या वर करून पाहिल्या, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. थर्मामीटर लावून काढला तर त्याला डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा लागलेली होती. आतड्यात पचून आलेलं रक्त तसं दिसतं. पोटात व्रण होऊन त्यातून रक्त जात होतं आणि मी वर दहीभात चारत होतो. त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तर मी सुई मारली असती." पुढे सलाईन, पोटातलं आम्ल कमी करणारी इंजेक्शनं, व्रणावर थर धरणारं औषध असं बरेच दिवस चाललं. मूत्रपिंडांची तपासणी परत परत केली. बिजली वाचली.

ही औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात. दुखणं त्यांच्यामुळे जास्त जाणवतं, म्हणून दुखणं कमी होतं. पण त्याच गटातली काही द्रव्यं पोटाचं अस्तर आम्लापासून राखतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. कुत्र्याच्या शरीरात आयबुप्रोफेन माणसापेक्षा जास्त काळ रेंगाळतं, आतड्यातून पुन्हा पुन्हा शोषलं जातं. त्यामुळे पुढची मात्रा मागच्या मात्रेवर चढत जाते. वजनाच्या हिशोबाने केलेली माझी गोळी इथे चुकली. पशुवैद्य जी वेदनाशामकं देतात, ती कुत्र्यावर तपासलेली असतात, मात्रा ठरलेली असते, आणि तरीही देण्याआधी ते पोटाची-लघवीची चौकशी करतात.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण याच जातीच्या औषधाची एक मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडून गेली होती. डायक्लोफिनॅक. गाईबैलांना दिलं की ती उठून चालायला लागत. पण ते दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचं मांस गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतातली गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. २०१५ साली माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्याही बंद झाल्या, कारण त्या गोठ्यात पोचत होत्या. आता तीन मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली मिळत नाही. मी हे सगळं वाचलं होतं, मोठ्या बाटल्या परतही पाठवल्या होत्या. एकच औषध बैलाला बरं करतं आणि गिधाडाला मारतं, हे मला पाठ होतं. माझ्या अंगणातल्या कुत्रीला हाच नियम लागू आहे, हे सुचलं नाही.

त्यानंतर गोळ्या थांबल्या. गोचिडांच्या बाबतीत मात्र मी वेगळ्या वाटेने तीच चूक केली. पावसाळ्यात बिजलीच्या कानामागे आणि पंज्यांच्या बोटांमध्ये गोचीड दिसायचे. लहानपणी आमच्या गोठ्यात गोचिडांवर रॉकेलचा बोळा फिरवत, तोच उपाय मी केला. गोचीड गळून पडत आणि मी ते अंगठ्याच्या नखाने फरशीवर चिरडायचो. रॉकेलने तिची कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची आणि बिजली तिथे चाटत बसायची. चाटलेलं रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, हे मला नंतर कळलं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायचा असतो आणि नखाने फोडायचा नसतो. ती साधी गोष्ट मी केली नाही.

हा तपकिरी गोचीड आपल्याला कुत्र्यावर दिसतो, पण त्याचं बहुतेक आयुष्य कुत्र्याबाहेर जातं. पिल्लू, मग मोठं पिल्लू, मग पूर्ण वाढलेला, प्रत्येक अवस्थेत तो रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, गादीच्या शिवणीत लपतो. मादी एका वेळी हजारो अंडी घालते. मी कुत्री पुसत होतो आणि माझ्या घराच्या भिंती गोचिडांनी भरलेल्या होत्या.

एका श्रावणात तिला दोन-तीन दिवस बारीक ताप आला. या वेळी मी गोळी दिली नाही, त्याचं मला समाधान वाटलं. ताप आपोआप उतरला, ती जेवायला लागली. बरं झालं म्हणून मी दवाखान्यात नेलंच नाही. गोचिडातून येणारा एर्लिचिया नावाचा जंतू असाच फसवतो. पहिला ताप बसतो, मग तो महिनोन्महिने शरीरात गप्प राहतो, आतून रक्त पोखरतो. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तिच्या नाकातून रक्त टपकायला लागलं. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. तिच्या तीस हजारांच्या आत आल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस दिलं, तेही पोटभर खाणं झाल्यावर, कारण रिकाम्यापोटी ते अन्ननलिकेला चिकटून जखम करतं. प्लेटलेट हळूहळू वर आल्या. तिला वजनाप्रमाणे गोचिडाची गोळी सुरू केली आणि भिंतींच्या सगळ्या भेगा सिमेंटने बुजवल्या. महाराष्ट्राच्या हवेत ही गोळी बाराही महिने लागते, केवळ पावसाळ्यात देऊन भागत नाही. मुलीने तिच्या खोलीत एक तक्ता लावला होता, त्यावर तारखा लिहायचो. तो तक्ता आहे अजून.

द्राक्षांचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्या भागात हा विषय कुणी मनावर घेत नाही. जानेवारी ते एप्रिल घरात द्राक्षांचे क्रेट येतात. बिजली बागेतलीच, मणी हवेत फेकला की झेलायची. मुलं खूश, आम्ही खूश. तिला कधीच काही झालं नाही. मग एका दिवाळीत कुणीतरी दिलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यातले बेदाणे तिने फस्त केले. योगायोगाने मॅडमना फोन केला होता तो दुसऱ्याच कामासाठी, बोलता बोलता हे सांगितलं, आणि त्या एकदम गंभीर झाल्या. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, काही थोड्याशा मण्यांनी दगावतात, आणि आपलं कुत्रं कोणत्या बाजूचं आहे ते आधी कळत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं, तेव्हा चिंचगुळाची आमटीसुद्धा कुत्र्याच्या ताटलीत नको. कांदा-लसणाचा रस्सा तर नकोच, त्याने तांबड्या पेशी फुटतात. शिजवला तरी फुटतात.

मॅडम म्हणाल्या, लगेच घेऊन या, उलटी करवू. मी फोन ठेवला आणि निघण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन मिठाचं पाणी केलं. वेळ वाचावा म्हणून. माणसाला लहानपणी असंच उलटी करवायचे. अर्धा ग्लास तिच्या घशाखाली गेल्यावर बायकोने हात धरला. मिठाने कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम चढतं, त्याने झटके येऊ शकतात. दवाखान्यात इंजेक्शन देऊन उलटी करवली, दोन दिवस सलाईन लावलं. पुन्हा वाचली. इतक्या वेळा ती वाचली, की मला वाटायला लागलं ती वाचतेच.

आता शेवटचं औषध.

बिजलीची नसबंदी आम्ही केली नव्हती. "एकदा तरी पिल्लं होऊ दे, आई होणं तिचा हक्क आहे," असं आमची आई म्हणायची आणि मलाही ते पटायचं. एक वेत झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला फायदा होतो, हा समज सगळीकडे आहे. त्याला आधार नाही. दुसरीकडे पिल्लं झाली तर देणार कुणाला, हाही प्रश्न होता. त्यामुळे आम्ही ना पिल्लं होऊ दिली, ना ऑपरेशन केलं. ती हीटवर आली की गल्लीतले कुत्रे फाटकाशी रात्रभर भांडायचे, शेजारी वैतागायचे. मी उपाय शोधला. स्त्रियांना तीन महिने गर्भ राहू नये म्हणून मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन देतात, सरकारी योजनेतही ते आहे. त्याने कुत्रीचं हीटवर येणं लांबतं, हे मी ऐकलं होतं. ओळखीच्या एका कंपाउंडरकडून ते मी तिला टोचून घेतलं. एकदा नाही, अधूनमधून काही वर्षं. आयबुप्रोफेनच्या प्रकरणानंतरही. कारण ती दुखण्यावरची गोळी होती आणि हे वेगळं औषध होतं, असं मी मनाशी धरलं होतं. मॅडमना सांगितलं नाही. त्यांनी दरवर्षी लस देताना नसबंदीबद्दल विचारलं, मी "बघू" म्हणालो.

कुत्री हीटवरून गेली की गर्भ राहो न राहो, साधारण दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, स्राव साठतो, गर्भाशयाचं तोंड मिटतं आणि रोगाला तोंड देण्याची तिथली ताकद उतरते. हे प्रत्येक हीटला घडतं, दर वेळी अस्तर थोडं अधिक बिघडतं. मग आत शिरलेल्या जंतूंना उत्तम जागा मिळते आणि गर्भाशय पुवाने भरतं. याला पायोमेट्रा म्हणतात. मी जे टोचत होतो, ते त्याच हार्मोनच्या जातीचं, महिनोन्महिने टिकणारं. ज्या गोष्टीने धोका वाढतो, तीच मी बाहेरून घालत होतो.

उन्हाळा होता. ती भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागली, घरात लघवी करायला लागली. मी म्हटलं, नाशिक चाळीस अंशावर गेलंय, पाणी पिणारच. पोट थोडं सुटलं, मी म्हटलं, वय झालं. जेवण कमी केलं, मी म्हटलं, उकाडा. प्रत्येक खुणेला माझ्याकडे उत्तर तयार होतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर मागून पू गळतो, माणसाच्या लक्षात येतं. तिचं बंद होतं, बाहेर थेंब आला नाही. जंतूंचं विष मूत्रपिंडांना लघवी घट्ट करू देत नाही, म्हणून ती तहान होती. उन्हाशी तिचा संबंध नव्हता.

रात्री ती उभी राहीना. हिरड्या विटकरी रंगाच्या झाल्या होत्या, पाय गार. मॅडम बाहेरगावी होत्या. रात्री उघडा दवाखाना आपल्या भागात कुठे आहे, हे मी आठ वर्षांत एकदाही विचारून ठेवलं नव्हतं. फोन करत करत, तिला मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर ठेवून आम्ही शहरभर फिरलो. दवाखाना सापडला तेव्हा उजाडायला आलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशय फुगून पोटभर पसरलेलं दिसलं. त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "हीट थांबवायचं काही इंजेक्शन दिलं होतं का कधी?" या वेळी मी लगेच हो म्हणालो, औषधाचं नाव, मात्रा सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ऑपरेशनची तयारी केली. गर्भाशय काढलं, ऑपरेशन नीट पार पडलं, पण मूत्रपिंडं परत सुरू झाली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्याच इंजेक्शनाने झालं का, असं मी नंतर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एका कुत्रीच्या बाबतीत असं नेमकं बोट ठेवता येत नाही, इंजेक्शन न देताही नसबंदी न केलेल्या पुष्कळ कुत्र्यांना हे होतं. त्या मला धीर देत होत्या. पण गर्भाशयच नसतं तर तो आजार होण्याला जागाच नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मुलगी त्या वेळी कॉलेजात होती. ती मला रागावली नाही, पण इंजेक्शनाबद्दल तिला तोवर माहीत नव्हतं. तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी कुणालाच सांगत नव्हतो. मला कळतं, असं मला वाटत होतं आणि ज्याला कळतं तो विचारत नाही.

आता आमच्याकडे दुसरी कुत्री आहे, तीही गावठीच. तिची नसबंदी मॅडमनी सांगितलेल्या वयात झाली, ती दुसऱ्या दिवशी अंगणात फिरत होती. तिच्यासाठी दुकानातली एकही वस्तू घरी जात नाही.

माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कुत्र्या-मांजरासाठी माणसाची गोळी काउंटरवरून देऊ नका, समोरचा कितीही कळवळून मागत असला तरी. हीट थांबवायचं इंजेक्शन तर अजिबात नको. त्याऐवजी शहरात रात्री कोणता प्राण्यांचा दवाखाना उघडा असतो, त्याचा नंबर काउंटरमागे लिहून ठेवा आणि तो द्या.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी तो नंबर आज दिवसाउजेडी शोधावा. मादी असेल आणि ऑपरेशन राहिलं असेल, तर या आठवड्यात आपल्या पशुवैद्यांना विचारावं. हीटनंतर महिना-दोन महिन्यांत तिची तहान वाढली, तर उन्हाला दोष न देता त्याच दिवशी न्यावं. आणि घरातलं काही देऊन बसला असाल, गोळी, इंजेक्शन, रॉकेल, काहीही, तर ती स्ट्रिप किंवा बाटली खिशात घालून जा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधी टेबलावर ठेवा.